परक्या काचेचं दशक

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात, एका जिन्याखालच्या गाळ्यात, सिग्मा, टॅमरॉन, टोकिना यांच्या लेन्स उघडून बसणारे एक कारागीर होते. कोकणातल्या दमट हवेत काचेवर चढलेली बुरशी, लग्नाच्या धावपळीत पडून वाकलेला माउंट, फोकस मोटरचा झिजलेला दात अशी सगळी दुखणी त्यांच्याकडे यायची. यंदा त्यांनी गाळा सोडला आणि ते गावी गेले. वय झालं होतंच. पण फोनवर त्यांनी मला आणखी एक कारण सांगितलं. नवी लेन्स उघडता येते, पुसता येते, जोडता येते. पण तिच्यातली चिप बॉडीशी बोलेनाशी झाली की पुढे त्यांच्या हाती काही उरत नाही.

ते ऐकल्यापासून मी अस्वस्थ आहे. सातारा जिल्ह्यात मी लग्नं काढली, पुढे मुलांना फोटोग्राफी शिकवली. माझी बॉडी कायम मोठ्या कंपनीची असायची, पण तिच्यावर चढलेली काच आणि तिच्या डोक्यावर पेटणारा फ्लॅश बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाचा. माझ्या पिढीतल्या तालुक्याच्या गावांतल्या जवळजवळ प्रत्येक फोटोग्राफरची हीच गोष्ट आहे आणि ती कोणी नीट लिहिलेली नाही. मोठ्या कंपन्यांचे इतिहास छापले जातात, त्यांच्या वर्धापनदिनांना पुरवण्या निघतात. आमचं पोट ज्या काचेवर चाललं तिच्याबद्दल कोणी चार ओळी लिहीत नाही.

फिल्मच्या काळाबद्दल मी फार लिहिणार नाही. टॅमरॉन आणि टोकिना दोन्ही १९५० च्या, सिग्मा १९६१ ची. टॅमरॉनने अ‍ॅडॅप्टॉल नावाची बदलता येणारी मागची कडी काढली होती, त्यामुळे एकच लेन्स वेगवेगळ्या कंपन्यांच्या बॉडीवर बसायची. व्हिविटारचे २८३ आणि २८५ हे फ्लॅश गावोगावच्या स्टुडिओंत होते. तेव्हा लेन्स आणि बॉडी यांच्यातलं नातं मुख्यतः लोखंडी होतं, कडी जुळली की काम भागायचं. बदल झाला १९८७ साली. कॅननने ईएफ माउंट आणला आणि बॉडी आणि लेन्स यांच्यातला सगळा व्यवहार विजेच्या ठिपक्यांवर गेला. अ‍ॅपर्चर किती मिटायचं, फोकस कुठे न्यायचा, सगळं तारेतून. कंपनीने ती भाषा बाहेरच्यांना दिली नव्हती. सिग्माच्या इंजिनिअरांनी ती निरखून उलगडली.

माझं दशक सुरू होतं २००४ च्या आसपास. आदल्या वर्षी कॅननची ३००डी आली होती, २००४ मध्ये निकॉनची डी७०. सातारा, कराड, वाईच्या स्टुडिओंनी दोन-तीन वर्षांत रोल सोडून कार्ड धरलं. बॉडी घेतानाच सगळे पैसे संपायचे आणि हातात राहायची किट लेन्स, १८-५५. कागदावर ती ठीक होती. कार्यालयातल्या ट्यूबलाइटखाली ५५ वर झूम केलं की अ‍ॅपर्चर एफ/५.६ वर यायचं, आणि त्या काळच्या सेन्सरवर आयएसओ ८०० पलीकडे नेला की नवरीच्या शालूवर रवा सांडल्यासारखे दाणे दिसायचे. कंपनीची एफ/२.८ ची झूम घ्यायची तर तिची किंमत बॉडीहून जास्त. स्टुडिओ गहाण टाकून लेन्स कोण घेणार?

अशा वेळी २००६ मध्ये टॅमरॉनची १७-५० एफ/२.८ आली. एफ/५.६ च्या तुलनेत एफ/२.८ म्हणजे चौपट उजेड. मोटर घरघर करायची, बाहेरचं प्लास्टिक हलकं होतं, पण काच अस्सल होती. किंमत मोठ्या कंपनीच्या तशाच लेन्सच्या निम्म्याहून कमी. त्याआधीची २८-७५ सुद्धा तशीच गुणी. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांचा धंदा या दोन लेन्सनी उभा केला, हे मी ठामपणे लिहितो. सिग्माची १०-२० आणि ३० एफ/१.४ या २००५ च्या, टोकिनाची ११-१६ एफ/२.८ २००८ ची. या ११-१६ ने आमच्याकडे अरुंद वाड्यातली, दाटीवाटीच्या मांडवातली छायाचित्रं बदलून टाकली. बोहल्यापासून दोन हातांवर उभं राहून वऱ्हाडासकट अख्खा मांडव पकडता यायला लागला.

अडचणी होत्या आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. फिल्मच्या काळातल्या सिग्माच्या अनेक लेन्स कॅननच्या डिजिटल ईओएस बॉडीवर लावल्या की पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला चालायच्या आणि एक घर मिटवलं की पडद्यावर एरर ९९. उलगडलेली भाषा जुन्या बॉडीपुरती होती, नव्या बॉडीने एक शब्द वेगळा उच्चारला की लेन्स मुकी. सिग्मा काही वर्षं चिप बदलून द्यायची, मग जुन्या मॉडेलांच्या चिपच संपल्या. निकॉनच्या बाजूला २००६ च्या अखेरीस डी४० आली. तिच्यात फोकसची मोटरच नव्हती, त्यामुळे मोटर नसलेल्या बाहेरच्या लेन्स तिच्यावर हाताने फोकस कराव्या लागायच्या. मग टॅमरॉनने आतमध्ये मोटर घातलेल्या आवृत्त्या काढल्या. दरवेळी असंच व्हायचं. मोठी कंपनी एक दार ओढून घ्यायची, बाहेरचे काही महिन्यांत खिडकी शोधायचे.

एकाच मॉडेलच्या दोन लेन्समध्ये फरक असायचा, हीदेखील खरी तक्रार. म्हणून आम्ही लेन्स निवडून घ्यायला शिकलो. साताऱ्याहून रात्रीची एसटी धरायची, सकाळी फोर्टमध्ये उतरायचं, दुकान उघडेपर्यंत चहा घ्यायचा. काउंटरवर त्याच लेन्सचे दोन-तीन नग मांडायला लावायचे. समोरच्या भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवायचं, बॉडी टेकवून पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला फोटो काढायचे आणि चारी कोपऱ्यांतली अक्षरं पडद्यावर मोठी करून बघायची. मग तिरकं धरून फोकस पुढे पडतोय की मागे ते बघायचं. समजूतदार दुकानदार यासाठी स्टूल द्यायचे. निकॉनच्या डी३०० ने २००७ मध्ये आणि कॅननच्या ५०डी, ५डी मार्क टू यांनी २००८ मध्ये फोकसची बारीक दुरुस्ती बॉडीतच दिली, तेव्हा हा त्रास अर्धा झाला. पण त्या भिंतीवरच्या वर्तमानपत्राने आम्हाला जे शिकवलं ते कोणत्याही माहितीपत्रकाने शिकवलं नसतं. काच कुठे मऊ होते, कुठल्या अंकाला धार येते, कोपरे का पडतात, हे आम्हाला हाताने कळलं.

आता जुना हिशेब. छायाचित्रणाच्या स्पर्धांतले परीक्षक आणि क्लबांतले काही ज्येष्ठ तेव्हा नव्या मुलाच्या गळ्यातली लेन्स आधी बघायचे, फोटो नंतर. ‘ओरिजिनल नाही का?’ हा प्रश्न मी कितीदा ऐकला आहे. दुकानांतही बाहेरच्या लेन्सला सर्रास ‘डुप्लिकेट’ म्हणायचे. पन्नास-पन्नास वर्षं काच घासणाऱ्या, स्वतःची रचना स्वतः करणाऱ्या कंपन्यांना डुप्लिकेट म्हणणं हा शुद्ध अडाणीपणा होता. सिग्मा आपल्या लेन्स जपानमधल्या फुकुशिमा प्रांतातल्या ऐझू इथल्या कारखान्यात बनवते. टॅमरॉनची ९० मॅक्रो १९७९ पासून वेगवेगळ्या रूपांत चालत आली आहे आणि कासच्या पठारावर सीतेची आसवं, दवबिंदू, मुंगीएवढे कीटक टिपणाऱ्या कित्येकांच्या हातात मी तीच पाहिली. त्या ज्येष्ठांनी बऱ्याच गरीब मुलांना खिजवून या कलेपासून लांब ठेवलं. ते मी विसरलेलो नाही.

लेन्सपेक्षाही माझा जीव फ्लॅशमध्ये अडकला आहे.

डिजिटल आल्यावर जुने फ्लॅश एका रात्रीत निकामी ठरले, याची दोन कारणं होती. फिल्मच्या कॅमेऱ्यात टीटीएल म्हणजे शटर उघडं असताना फिल्मवरून परतणारा उजेड मोजायचा आणि पुरेसा झाला की फ्लॅश तोडायचा. सेन्सरच्या काचेवरून उजेड फिल्मसारखा परतत नाही, म्हणून कंपन्यांनी आधी एक छोटा लखलखाट करून मोजमाप घ्यायची पद्धत आणली. जुने टीटीएल फ्लॅश ती भाषा जाणत नव्हते. दुसरं कारण व्होल्टेज. जुन्या व्हिविटार २८३ सारख्या काही फ्लॅशच्या मधल्या पिनेवर २०० च्या वर व्होल्ट असायचे. फिल्मच्या कॅमेऱ्यात तिथे पत्र्याचा साधा स्पर्श होता, त्याला काही व्हायचं नाही. डिजिटल बॉडीत तिथे इलेक्ट्रॉनिक स्विच आला आणि तो जळायचा. मी शिकवायला बसलो की पहिल्या दिवशी मल्टिमीटर काढायचो. फ्लॅश पूर्ण चार्ज करा, मधली पिन आणि कडेचा पत्रा यांना दोन टोकं लावा, आकडा बघा, मगच तो बॉडीवर चढवा.

मोठ्या कंपनीचा नवा फ्लॅश हा उपाय होता आणि तो महाग होता. एकच परवडायचा. तो बॉडीवर बसवून समोरून मारला की आमचे अल्बम सगळे सारखे दिसायचे: चेहरे पांढरेफटक, कपाळावर चकाकी, मागे काळोख. छतावरून उजेड परतवावा म्हटलं तर मांडवाला रंगीत कापडाचं छत. लाल कापडावरून परतलेला उजेड नवरदेवाला शेंदूर फासायचा.

वाट बदलली ती पडद्याने. टीटीएलची गरज कशासाठी होती? फोटो धुऊन येईपर्यंत चूक कळायची नाही म्हणून. आता पाठीमागे पडदा होता. एक फोटो काढा, बघा, फ्लॅशची ताकद एक घर कमी करा, पुन्हा काढा. म्हणजे फ्लॅशला बॉडीची भाषा यायची गरजच उरली नाही. त्याला एवढंच कळायला हवं होतं की शटर उघडलं, आता पेट. आणि हा निरोप मधली पिन देत होती. ती पिन कोणा एका कंपनीची नव्हती. तिची मापं आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेली आहेत, म्हणून कोणाचाही फ्लॅश कोणाच्याही बॉडीवर पेटायचा. मिनोल्टाने १९८८ पासून फ्लॅशसाठी वेगळी खाच घेतली होती आणि तो वारसा सोनीकडे गेला. पण सोनीसुद्धा २०१२ मध्ये सर्वमान्य मापाकडे परतली.

अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे वृत्तपत्र छायाचित्रकार डेव्हिड हॉबी यांनी २००६ पासून हे ज्ञान जगाला फुकट वाटलं: छोटा फ्लॅश बॉडीवरून काढा, स्टँडवर लावा, हाताने ताकद ठरवा. आमच्याकडे त्याला खरं बळ आलं ते चीनच्या शेन्झेनमधल्या योंगनुओ कंपनीमुळे. २०१० च्या सुमारास तिचा वायएन-५६० हा पूर्ण मॅन्युअल फ्लॅश आणि २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा आरएफ-६०२ ट्रिगर बोरा बाजारात दिसायला लागले. त्याआधीचे स्वस्त ट्रिगर कधी पेटायचे, कधी नाही. हा पेटायचा. कंपनीच्या एका फ्लॅशच्या पैशात दोन-तीन फ्लॅश, ट्रिगर, स्टँड आणि छत्र्या घरी यायला लागल्या.

मंगलाष्टकांचा शेवट आठवा. अंतरपाट अजून धरलेला आहे, भटजींचा आवाज चढला आहे, ‘सावधान’ म्हणताच पडदा बाजूला होतो, माळा पडतात, चहूबाजूंनी अक्षता येतात, वाजंत्री सुरू. हे सगळं काही सेकंदांत संपतं आणि ते पुन्हा करा असं सांगता येत नाही. एकच फ्लॅश पूर्ण ताकदीने मारला की तो पुन्हा भरेपर्यंत ते क्षण गेलेले असायचे. आता आम्ही कार्यालयाच्या दोन कोपऱ्यांत उंच स्टँडवर दोन फ्लॅश लावायला लागलो. प्रत्येकी एक अष्टमांश ताकद, आयएसओ ८००. तेवढ्या ताकदीला फ्लॅश लगेच भरतो, त्यामुळे लागोपाठ फोटो निघतात. एक कोपरा समोरून चेहरे उजळतो, दुसरा मागून अक्षतांच्या कडेवर पडतो आणि हवेत लटकलेला एकेक दाणा वेगळा दिसतो. मामाच्या हातातला अंतरपाट, करवलीचे मिटलेले डोळे, मागच्या खुर्चीत उभी राहिलेली आजी, सगळं उजेडात. लोकांनी ते अल्बम बघितले आणि ‘हे आपलंच कार्यालय का?’ असं विचारलं. त्या प्रश्नासाठी मी कितीही रात्री जागलो असतो.

पेन्सिल सेलचंही ऋण मोठं. सान्योचे एनेलूप २००५ मध्ये आले आणि चार्ज केलेले सेल महिनाभर पडून राहिले तरी मान टाकेनासे झाले. ते संपलेच तर जावळीच्या टोकाच्या गावातल्या किराणा दुकानातही चार सेल मिळायचे आणि लग्न अडायचं नाही.

या काळात आम्ही गाइड नंबरचं गणित तोंडपाठ केलं. ३२ चा फ्लॅश, माणूस चार मीटरवर, ३२ भागिले ४, म्हणजे आयएसओ १०० ला एफ/८. आयएसओ ४०० केला की नंबर दुप्पट. माझ्याकडे शिकलेली मुलं मांडवात शिरल्याबरोबर नजरेने अंतर मोजून आकडा लावायची. आज ट्रिगरच्या पडद्यावर बोट फिरवलं की सगळं जमतं. ती नजर गेली आणि मला तिची मनापासून हळहळ वाटते.

दशकाचा कळस २०१२-१३ मध्ये आला. जानेवारी २०१२ मध्ये सिग्माचे संस्थापक मिचिहिरो यामाकी वारले, मुलगा काझुतो यामाकी यांनी सूत्रं हाती घेतली आणि त्याच वर्षी जर्मनीतल्या फोटोकिना प्रदर्शनात ३५ एफ/१.४ आर्ट दाखवली गेली. पुढच्या वर्षी १८-३५ एफ/१.८ आली. सबंध झूमभर एफ/१.८ देणारी लहान सेन्सरसाठीची लेन्स तोवर कोणीच केली नव्हती. ‘डुप्लिकेट’ म्हणणाऱ्यांची तोंडं त्या दिवशी बंद झाली. २०१३ च्या अखेरीस टॅमरॉनने १५०-६०० जाहीर केली. तोवर ६०० मिलिमीटर म्हणजे काही लाखांची, दोन हातांनी उचलायची काच. दोनेक वर्षांत भिगवणच्या होडीत रोहित टिपायला शिक्षक, बँकेतले कारकून, शेतकऱ्यांची पोरं बसलेली दिसायला लागली आणि बहुतेकांच्या मांडीवर टॅमरॉन किंवा सिग्मा होती. मोठ्या कंपन्या गप्प बसल्या नव्हत्या. निकॉनने २०११ मध्ये हादरे शोषणाऱ्या तंत्राच्या पेटंटवरून सिग्मावर जपानमध्ये दावा लावला, तो २०१५ मध्ये तडजोडीने मिटला. पण तो लढा कोर्टात, उघड्यावर झाला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. शोध लावणाऱ्याला त्याचं मोल मिळालंच पाहिजे.

पुढची चार-पाच वर्षं सांगण्यासारखी कमी. गोडॉक्सने योंगनुओला मागे टाकलं, फ्लॅशमध्ये लिथियमची बॅटरी आणली, सगळं सुटसुटीत झालं. मात्र ती बॅटरी त्या त्या मॉडेलची, फुगली की तशीच शोधायची. किराणा दुकान कामाचं राहिलं नाही.

मग २०१८ पासून दारं ओढायला सुरुवात झाली, आणि या वेळी खिडक्याही बुजवल्या गेल्या. कॅननने मिररलेससाठी आरएफ माउंट आणला. त्याच सुमारास तिच्या १५००डी, २००डी मार्क टू अशा सर्वांत स्वस्त बॉडींच्या हॉट शूमधून, म्हणजे फ्लॅश बसतो त्या खाचेतून, मधली पिनच काढून टाकली. कंपनीचे स्वतःचे फ्लॅश बाकीच्या ठिपक्यांवरून पेटतात. ज्या मुलाकडे जुना वायएन-५६० आहे त्याचा पेटत नाही. गोडॉक्सने आपल्या नव्या ट्रिगरांत त्यावर तोड काढली, पण ते पुन्हा विकतच घ्यायचे. महागड्या बॉडींवर पिन ठेवली आणि विद्यार्थी घेतात त्या बॉडींवरून काढली, याचं समर्थन मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही. २०२१ मध्ये कॅननचा आणखी ठिपक्यांचा नवा शू आला आणि ईएल-५ हा फ्लॅश तर त्या शूशिवाय चालतच नाही. २०२२ मध्ये व्हिलट्रॉक्सला आरएफ माउंटच्या ऑटोफोकस लेन्स विकणं थांबवावं लागलं. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनला परवानगी मिळाली ती लहान सेन्सरच्या लेन्सपुरती.

सोनीने २०११ मध्येच ई-माउंटची प्राथमिक माहिती इतर कंपन्यांना विनामूल्य दिली, निकॉनच्या झेड माउंटवर २०२२ मध्ये टॅमरॉन आणि २०२३ मध्ये सिग्मा आली. या दोघांचं मी स्वागत करतो. तरीही सोनीच्या वेगवान बॉडींवर बाहेरची लेन्स लावली की सेकंदाला १५ फोटोंची मर्यादा येते. हे सारं परवान्यावर आहे, आणि परवाना देणाऱ्याला तो आखडता घेता येतो. माझ्या दशकातली मोकळीक कोणी दिलेली नव्हती, इंजिनिअरांनी स्वतःच्या डोक्याने मिळवली होती, म्हणून ती कोणाच्या मर्जीवर नव्हती. काचेच्या रचनेवर पेटंट असावं. पण मी पैसे देऊन घेतलेल्या बॉडीवर कोणाची काच चढेल आणि कोणाचा दिवा पेटेल हे विकणाऱ्याने ठरवू नये. ट्रॅक्टरच्या मागे कुठला नांगर जोडायचा हे शेतकरी ठरवतो.

तेव्हा या दिवाळीत मुलासाठी, भाचीसाठी पहिला कॅमेरा घ्यायला निघालेल्यांना माझी कळकळीची विनंती आहे. सेन्सर किती मेगापिक्सेलचा हे नंतर विचारा. या माउंटवर बाहेरच्या कंपन्यांच्या कोणत्या लेन्स आज दुकानात आहेत ते आधी विचारा आणि त्या काउंटरवर काढून दाखवायला लावा. घरात जुना फ्लॅश असेल तर त्याचं व्होल्टेज मोजून तो सोबत न्या आणि तिथेच पेटवून बघा. आणि बॉडी हातात घेतली की तिच्या डोक्यावरची फ्लॅशची खाच स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. मधला गोल ठिपका नसेल तर ती घेऊ नका, आणि का घेत नाही ते दुकानदाराला स्पष्ट सांगा, म्हणजे ते कंपनीपर्यंत पोचेल.